हार्ट फाउंडेशन : नाइडहार्टला तुम्ही उगाच कमी लेखताय

हार्ट फाउंडेशन, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) या अमेरिकन रेसलिंग कंपनीतली ब्रेट हार्ट आणि जिम नाइडहार्ट ही जोडी. तिच्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळचा सगळा कॉलम त्यांनाच देऊन टाकलाय.

प्रश्न : आम्ही केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ बघायला लागलो तोवर ब्रेट एकटाच लढायचा, ट्रम्प कार्ड खेळणाऱ्या आमच्या पिढीला ही जोडी माहितीच नाही. सुरुवात कुठून करू?

समरस्लॅम (डब्ल्यूडब्ल्यूएफचा उन्हाळ्यातला मोठा शो) १९८९ पासून. समोर ब्रेन बस्टर्स, म्हणजे आर्न अँडरसन आणि टली ब्लँचर्ड. त्याआधी थोडं माहीत असू द्या, ब्रेटचे वडील स्टू हार्ट कॅल्गरीत स्टॅम्पीड रेसलिंग चालवायचे, १९८४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने ते विकत घेतलं आणि तिथली पोरं अमेरिकेत आली. नाइडहार्ट हा ब्रेटच्या बहिणीचा नवरा. मॅनेजर जिमी हार्टचं आडनाव तेच, पण नातं काहीच नाही. १९८५ ला जोडी जमली, १९९१ ला सुटली. एवढं पुरे, आता मॅच लावा.

प्रश्न : खरं सांगा, सगळं काम ब्रेट करायचा आणि नाइडहार्ट नुसता दाढी कुरवाळत उभा, असंच होतं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय आणि दरवेळी माझं डोकं फिरतं. ब्रेट जास्त चांगला रेसलर होता, यात वादच नाही. पण टॅग टीममध्ये एका वेळी जोडीतला एकच आत लढतो, त्याने हातावर हात मारला, म्हणजे टॅग दिला, की दुसरा आत येतो. म्हणून रिंगमधल्या माणसाइतकंच एप्रनवर, म्हणजे दोरीबाहेरच्या कडेवर, उभ्या असलेल्या माणसाकडे बघायचं असतं. ब्रेट आत मार खातोय, हळूहळू सरकत कोपऱ्याकडे येतोय, आणि बाहेर हा माणूस टॅगची दोरी धरून हात जेवढा लांबेल तेवढा लांबवतोय, ओरडतोय, रेफरीवर खेकसतोय, लोकांना उठवतोय. शेवटी टॅग मिळतो तेव्हा तो जे आत घुसतो ना, त्यात फार काही कलाकुसर नसते, दोन क्लोथलाइन (आडव्या हाताचा फटका), एक शोल्डर टॅकल, पण सगळं हॉल उभं राहतं कारण तो तेवढा वेळ थांबलेला असतो. मूळचा गोळाफेकवाला गडी, ताकद खरीखुरी, दाखवायला लागायची नाही.

त्यांचा फिनिशर, म्हणजे मॅच संपवणारा ठरलेला डाव, हार्ट अटॅकच बघा की. नाइडहार्ट समोरच्याला कमरेत मिठी मारून उचलतो आणि तसाच धरून ठेवतो, ब्रेट दोरीला पाठ लावून उसळी घेत धावत येऊन क्लोथलाइन मारतो. सगळे ब्रेटकडे बघतात. पण शंभर किलोच्या वरचा माणूस छातीशी धरून, न हलता, ब्रेटचा हात बरोबर बसेल अशा उंचीवर ठेवायचा आणि पडताना त्याला सुखरूप खाली पण न्यायचं, हे काम कोण करतंय? एकाने घट्ट धरलं नाही तर दुसऱ्याचा वार फुकट, जोडी म्हणतात ती हीच.

आणि त्याच १९८९ च्या मॅचचा शेवट बघा. रेफरीचं लक्ष दुसरीकडे, आर्न वरून उडी टाकून ब्रेटवर पडतो आणि पिन करताना (खांदे जमिनीला टेकवून धरायचे, रेफरीने तीन मोजले की जिंकलात) स्वतःचं तोंड लपवतो, कारण आत टली असायला हवा, रेफरीने चेहरा बघितला तर मोजणार नाही. हार्ट फाउंडेशन हरते. हरूनही माझ्या मते ही त्यांची सगळ्यात भारी मॅच आहे, सुरुवातीला बस्टर्सची कशी फजिती होते आणि मग तेच एका चुकीवर कसे टपून बसतात, यात एक मिनिट वाया जात नाही.

प्रश्न : १९८७ चं पहिलं टॅग टीम टायटल तर चक्क चीटिंग करून जिंकलं. ते का धरायचं?

टायटल धरा, मॅच म्हणून धरू नका. जानेवारी १९८७, टँपा, समोर ब्रिटिश बुलडॉग्ज, म्हणजे डायनामाइट किड आणि डेव्ही बॉय स्मिथ. डायनामाइट किडची पाठ आधीच्याच महिन्यात कामातून गेली होती, धड चालता येत नव्हतं, डेव्ही बॉय स्मिथने त्याला आधार देऊन रिंगपर्यंत आणलं. सुरुवातीलाच जिमी हार्टचा मेगाफोन बसला आणि डायनामाइट मॅचभर बाहेर पडून राहिला. रेफरी डॅनी डेव्हिसला समोरचं काही दिसतच नव्हतं म्हणे! डेव्ही बॉय एकटा दोघांशी लढला आणि हार्ट अटॅकवर हरला. उभं राहता येत नाही अशा माणसाकडून बेल्ट काढून घ्यायचा होता, तो असा काढला. स्टोरी म्हणून मस्त, कारण पुढे रेसलमेनिया ३ या कंपनीच्या मोठ्या शोला तोच डेव्हिस हार्ट फाउंडेशनच्या बाजूने लढायला उतरला आणि पिन पण त्यानेच केला. पण यावरून जोडी कशी होती ते ठरवू नका, बुलडॉग्जची खरी गाडी तेव्हा बंदच पडली होती.

प्रश्न : रॉकर्सनी यांच्याकडून टायटल घेतलं होतं हे खरं का?

घेतलं आणि गेलं पण. ऑक्टोबर १९९०, फोर्ट वेन, तीनपैकी दोन फॉल्सची मॅच (दोन डाव आधी जिंकेल तो विजेता), शॉन मायकल्स आणि मार्टी जॅनेटी जिंकले. मध्येच वरची दोरी तुटली, मॅच टीव्हीवर दाखवलीच नाही आणि बेल्ट हार्ट फाउंडेशनकडेच राहिले. नंतर ती बाहेर आली, बघायची तर चौघं दोरीशिवाय कसं निभावतात एवढ्यासाठी बघा.

प्रश्न : आम्ही कोल्हापूरकडचे, मातीतली कुस्ती बघत मोठे झालो. सगळं आधी ठरलेलं असतं तर "चांगली मॅच" म्हणजे काय डोंबल?

निकाल ठरलेला असतो, बघणाऱ्याला त्यावर काय वाटेल ते ठरलेलं नसतं. समरस्लॅम १९९० बघा, फिलाडेल्फिया, डिमॉलिशन या जोडीविरुद्ध तीनपैकी दोन फॉल्स. पहिला फॉल हार्ट फाउंडेशन हरली, दुसरा डिस्क्वालिफिकेशनवर मिळाला, तिसऱ्यात डिमॉलिशनचा तिसरा गडी अॅक्स रिंगखालून निघून अदलाबदल करतो, मग लीजन ऑफ डूम ही वेगळीच जोडी येऊन तो डाव उघडा पाडतात. कागदावर पोरकट वाटतं, मलाही तिसरा फॉल जरा जास्तच गजबजलेला वाटतो. पण हार्ट फाउंडेशनच्या बाजूने तीन मोजल्यावर जो आवाज उठतो तो ऐका, तो काही कोणी लिहून दिलेला नव्हता. आखाड्याचा निकष लावाल तर कायम निराश व्हाल, हे वेगळं काम आहे.

प्रश्न : १९९७ ची पाच जणांची हार्ट फाउंडेशन यात धरायची का?

नाही. ब्रेटचा भाऊ ओवेन, डेव्ही बॉय, ब्रायन पिलमन धरून तो ग्रुप झाला, टॅग टीम नव्हे. पण त्यांची जुलै १९९७ ची कॅल्गरीतली दहा जणांची मॅच चुकवू नका, आणि त्यातही नाइडहार्ट एप्रनवर काय करतोय ते बघा.