मैदानावरचे सुटे साहित्य आणि पंच

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. सॉफ्टबॉलच्या मैदानात पडलेल्या हेल्मेटला किंवा ग्लोव्हला चेंडू लागला तर पंच म्हणून निर्णय कोणता द्यायचा, असे तू विचारले आहेस. त्याकडे मी येतोच. पण पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) प्लेटवर उभा राहण्यापूर्वीच ते हेल्मेट तुला दिसायला हवे होते, हे आधी सांगावेसे वाटते. सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधले (धावताना क्रमाने गाठायच्या टप्प्यांमधले) अंतर सहसा अवघे ६० फूट असते. एकदा खेळ सुरू झाला की पडलेली वस्तू उचलायला कोणालाही सवड मिळत नाही.

बॅटरने नुकतीच टाकलेली बॅट, कॅचरने (बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्या खेळाडूने) काढलेला मास्क, धावताना नकळत डोक्यावरून उडालेले हेल्मेट या वस्तू खेळाचाच भाग मानल्या जातात. बॅटच्या बाबतीत मात्र कोण कोणावर आदळले हे नीट पाहा. घरंगळत आलेला चेंडू पडलेल्या बॅटला लागला आणि त्यात बॅटरचा हेतू नसेल, तर खेळ चालू राहतो. उलट बॅटच फेअर क्षेत्रात (रेषांच्या आतल्या वैध भागात) चेंडूवर दुसऱ्यांदा आदळली, तर बॅटर बाद होतो.

नुसत्या बाहेर राहिलेल्या साहित्याचे तसे नसते. एका सामन्यात बॅटिंग करणाऱ्या संघाचे एक हेल्मेट डगआउटबाहेर (खेळाडूंच्या बसायच्या जागेबाहेर) ठेवलेले मी पाहिले होते आणि इनिंग संपल्यावर हलवायला सांगू, असे म्हणून सोडून दिले. पुढच्याच खेळात होम प्लेटकडे (जिथे धाव पूर्ण होते तिथे) आलेला थ्रो त्यावर आपटून कॅचरपासून दूर गेला. मी चेंडू डेड ठरवला, म्हणजे खेळ तिथेच थांबवला, आणि होमकडे धावणाऱ्या मुलीला बाद दिले. निर्णय नियमाला धरून होता, पण तिची धाव माझ्या आळसाने गेली, हे आजही मला सलते.

तेच साहित्य क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचे असते तर रनरना (बेसवरून धावणाऱ्या खेळाडूंना) बेस मिळाले असते. किती आणि कोणत्या क्षणापासून, हे तुझी स्पर्धा ज्या नियमावलीने खेळली जाते तिच्यातून पाठ कर. हाताबाहेर फेकलेल्या ग्लोव्हचा प्रकार याहून वेगळा आहे: तो मुद्दाम फेकून फेअर चेंडूला लावला तर ३ बेस, थ्रोला लावला तर २.

बेसबॉलमध्ये एके काळी खेळाडू आपले ग्लोव्ह मैदानातच ठेवून बॅटिंगला जात. अमेरिकेच्या प्रमुख लीगमध्ये ती पद्धत १९५४ मध्ये बंद झाली. आपल्या खेळाडूंनाही प्रत्येक इनिंगआधी प्रशिक्षकामार्फत आठवण दे, आणि ती दोन्ही संघांना सारख्याच शब्दांत दे.

इतके करूनही चेंडू जिवंत (खेळ चालू) असताना एखादी वस्तू पडलेली दिसली, तर केवळ तेवढ्यासाठी खेळ थांबवू नकोस. ती कोणत्या संघाची आहे आणि थ्रो सुटताना प्रत्येक रनर कुठे होता, हे त्याच क्षणी मनात टिपून ठेव. चेंडू तिला लागल्यावर दोन्ही प्रशिक्षक तुला नेमके हेच विचारतील.

तुझा हितचिंतक