सिनेमा सोडून गेलेले विनोद खन्ना परतले, तेव्हा पूर्वीचं स्थान मिळालं का?

काम मिळालं, पण ते स्थान नाही. 'अमर अकबर अँथनी' (१९७७), 'कुर्बानी' (१९८०) असं सगळं जोरात असताना गडी ओशोंच्या आश्रमात गेला. अमेरिकेत तिथे बागकाम करायचे म्हणे! १९८७ मध्ये 'इन्साफ'मधून परतले. मग 'दयावान' (१९८८), 'चांदनी' (१९८९). 'चांदनी'त मात्र नायिका शेवटी ऋषी कपूरचीच.

आमच्या नौपाड्यातल्या चाळीत व्हीसीआर भाड्याने आणून 'दयावान' पाहिला होता. आई म्हणाली, "अमिताभला टक्कर देणारा हाच ना?" मला विचाराल तर पाच वर्षांची सुट्टी महागात पडली, पण देखणेपणात काडीचा फरक नव्हता. पुढे गुरदासपूरचे खासदार झाले, 'दबंग'मध्ये (२०१०) सलमानचे सावत्र वडीलही.