रूफटॉप टेंट घ्यावा का? आधी मॅन्युअल उघडा, मग तुमची फिरण्याची पद्धत बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉम्पॅक्ट एसयूव्ही आहे, तुम्ही दोघं आणि पाच वर्षांची मुलगी असे तिघं फिरता, जमिनीवरचा तंबू लावून-काढून कंटाळा आलाय, तर गाडीच्या छतावरचा तंबू घ्यावा का? आणि तिघांच्या वजनाने छत दबणार तर नाही ना?

मी दोन्ही प्रकारच्या तंबूंत भरपूर राहिलोय आणि सध्या माझ्या गाडीवर घडीचा, कापडी कव्हरचा सॉफ्ट शेल तंबू आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. रोज मुक्काम बदलणाऱ्यासाठी रूफटॉप टेंट फार सोयीची वस्तू आहे. एकाच जागी चार दिवस तळ ठोकून तिथून गाडीने आसपास हिंडणाऱ्यासाठी मात्र ती निव्वळ अडचण आहे. पण त्याच्याही आधी वजनाचं गणित करायला हवं. तिथे जमत नसेल तर पुढचा विचारच नको.

गाडीच्या मॅन्युअलमध्ये छतावर किती भार चालेल ते लिहिलेलं असतं. बऱ्याच लहान-मध्यम गाड्यांना तो ५० ते ७५ किलो असतो, काही मोठ्या एसयूव्हींना १०० किलोपर्यंत. हा आकडा चालत्या गाडीचा असतो, त्याला डायनॅमिक लोड म्हणतात. गाडी ब्रेक मारते, वळते, खड्ड्यात आपटते, तेव्हा वर ठेवलेलं सामान नुसतं खाली दाबत नाही, पुढे-मागे आणि बाजूलाही ओढतं. म्हणून तो आकडा इतका लहान वाटतो. उभ्या गाडीला यातलं काही सोसावं लागत नाही. वजन सरळ खाली जातं, आणि तेही पत्र्यावर पडत नाही. रॅकचे, म्हणजे तंबू ज्यावर बसतो त्या सांगाड्याचे, पाय रूफ रेलवर (छताच्या दोन्ही कडांच्या लांब दांड्यांवर) किंवा दाराच्या चौकटीवर टेकलेले असतात आणि तिथून भार खांबांवर उतरतो. उभ्या गाडीची ही क्षमता, म्हणजे स्टॅटिक लोड, चालत्या गाडीच्या आकड्याच्या कित्येक पट असते. तंबू ६० किलो, तुम्ही दोघं मिळून १४० आणि मुलगी २० किलो धरली तरी २२० किलो होतात. एवढा भार उभी गाडी सहसा पेलते. तरी तुमच्या गाडीचा आणि रॅकचा स्टॅटिक आकडा कंपनीकडून लेखी मिळाला तर उत्तम.

म्हणजे छत दबण्याची तुमची भीती रात्रीची आहे, पण खरी अडचण दिवसाची आहे. मॅन्युअलमध्ये ७५ किलो लिहिलंय असं समजा. क्रॉसबार, म्हणजे रॅकच्या आडव्या दांड्या, आणि त्यांचे पाय हेही त्याच ७५ मध्ये धरायचे, त्यात सहा-आठ किलो गेले. दोन माणसांचा सॉफ्ट शेल साधारण ४५ ते ६० किलोचा असतो, तो बसतो. तिघांना ऐसपैस पुरेल असा तंबू ६५-७० च्या पुढे जातो आणि तिथे गणित फिसकटतं. हार्ड शेल, म्हणजे फायबर किंवा ॲल्युमिनियमच्या पेटीसारखा उघडणारा, ६० पासून ९० किलोपर्यंत असतो. त्यात पांघरुणं आतच ठेवून घडी घातली की अजून चार-पाच किलो. दुकानात कोणी सांगेल की थोडं जास्त चालतं. ऐकू नका. गाडी, रेल, क्रॉसबार, सगळ्यांचे आकडे वेगवेगळे असतात आणि त्यातला सगळ्यात लहान आकडा तुमचा. खडबडीत कच्च्या रस्त्यासाठी कित्येक रॅकवाले हा आकडा आणखी खाली आणतात. छताला मोठी काच असेल तर त्या मॉडेलला रॅक चालतो का, हे आधी मॅन्युअलमध्येच पाहा. काही गाड्यांना तो लावायलाच मनाई असते.

एवढं वजन डोक्यावर घेतलेली गाडी चालवताना फरक जाणवतो. गुरुत्वमध्य वर सरकतो, वळणावर गाडी जास्त कलते, आडवा वारा आला की स्टीअरिंग घट्ट धरावं लागतं. इंधनाचंही तसंच. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने छतावरच्या मोठ्या, बोजड कार्गो बॉक्ससाठी दिलेले आकडे असे आहेत: शहरात मायलेज २ ते ८ टक्के घटतं, महामार्गावर ६ ते १७ टक्के, आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या वेगाला १० ते २५ टक्के. ते आकडे बॉक्सचे आहेत, पण घडी घातलेला सॉफ्ट शेल काही त्याहून सुबक आकाराचा नसतो. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे जरा सावकाश चालवणं हाच इलाज. गाडी इलेक्ट्रिक असेल तर रेंजमध्ये हे फार लवकर दिसतं. उंचीही विसरू नका. रॅक आणि तंबू मिळून ३५-४० सेंटीमीटर वाढतात आणि तळघरातल्या पार्किंगच्या कमानी पुष्कळदा दोन मीटरच्या आसपासच असतात. नवी उंची मोजून एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी डॅशबोर्डवर चिकटवा.

आता तळ ठोकण्याचा मुद्दा. हे तंबू इटलीत १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून बनतायत, पूर्व जर्मनीत तर ट्राबांटसारख्या चिमुकल्या गाडीवर लावून लोक सुट्टीला जायचे. इतक्या वर्षांत कापड बदललं, कवच बदललं, पण एक गोष्ट तशीच आहे: घर गाडीला बांधलेलं आहे. सकाळी दूध आणायला जायचं असो, दूरच्या धबधब्याला जायचं असो की रात्री मुलीला ताप आल्यावर डॉक्टर शोधायचा असो, आधी पांघरुणं सारा, शिडी काढा, घडी घाला, कव्हर ओढा, पट्टे आवळा आणि मगच चावी फिरवा. जमिनीवरचा तंबू तिथेच उभा राहतो, तुमची जागाही राखतो. ज्यांना रोज सकाळी पुढे निघायचंच असतं त्यांना याचं काहीच वाटत नाही, कारण गुंडाळायचं तर असतंच, आणि छतावरचं गुंडाळणं कमी कष्टाचं असतं. गादी आत, खुंट्या नाहीत, चिखल लागलेलं कापड डिकीत कोंबायचं नाही. संध्याकाळी उशिरा पोचलात, अंधार पडलाय, जमीन खडकाळ किंवा चिखलाची आहे, तरी गाडी सपाट उभी राहिली की झोपायची सोय झाली. या एका सुखासाठी मी तो बाळगतो.

सपाट उभी करणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. दोन-तीन अंशांचा उतार उभ्याने कळत नाही, आडवं झाल्यावर कळतो. रात्रभर तुम्ही घरंगळत एका कडेला जाता. मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप गाडीत ठेवून पाहा, चाकाखाली रॅम्प किंवा फळी सारा, आणि थोडा उतार राहिलाच तर डोकं चढाकडे करा. घडीच्या तंबूत आणखी एक बारकावा आहे. त्याची अर्धी जमीन गाडीबाहेर अधांतरी असते आणि तिचा बराचसा भार शिडीवर येतो. पाऊस पडून माती भिजली की शिडीचा पाय हळूहळू रुततो आणि पहाटे बाहेरची बाजू खाली झुकलेली असते. शिडीखाली हातभर लांबीची एक फळी टाकली की हा त्रास उरत नाही. शिडी फार उभीही नको, फार आडवीही नको. तंबूवाले साधारण ७० ते ७५ अंश सांगतात.

आणि शिडी म्हणजे नुसती शिडी नाही, तुमच्या बाबतीत तर निर्णय तिच्यावरच आहे. पाच वर्षांची मुलगी रात्री दोन वाजता शूला उठणार. झोपेत असलेल्या मुलाला जवळजवळ दोन मीटर उंचीवरून अंधारात उतरवणं जोखमीचं आहे. एकाने आधी खाली उतरायचं, दुसऱ्याने वरून मूल हातात द्यायचं, शिडीजवळ दिवा लावून ठेवायचा आणि पायरी दव पडून ओली झालीय का ते हाताने चाचपायचं. मुलीला दाराच्या बाजूला कधीच झोपवू नका, आणि दाराची चेन रात्री पूर्ण बंद ठेवा, जाळीच्या भरवशावर राहू नका. जाळी डास थांबवते, लोळत आलेल्या मुलाला नाही. गुडघे दुखणारे आई-वडील किंवा कुत्रा सोबत असेल तर मी सरळ जमिनीवरचा तंबूच सुचवेन.

वर झोपल्याने जनावरांपासून सुरक्षित राहतो, असं ऐकायला मिळतं. विंचू, मुंग्या, जमिनीवरून वाहणारं पावसाचं पाणी, यांच्यापासून सुटका होते हे खरं. अस्वल आणि बिबट्या मात्र चढतात, तेव्हा खाण्याच्या वस्तू तंबूत नेण्याची सूट वरच्या तंबूलाही नाही. विजा चमकू लागल्या तर खाली उतरून काचा बंद केलेल्या गाडीत बसायचं. गाडीचं धातूचं कवच वाचवतं, वरचं कापड वाचवत नाही. थंडी कितीही असो, तंबूत शेगडी किंवा ज्योत असलेला हीटर पेटवायचा नाही, खाली इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ओल हा विषय जाहिरातींत कधीच येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. तुमच्या तिघांचं मिळून अर्धा लिटर तरी होईलच. थंड रात्री ते कापडाच्या आतल्या बाजूला आणि गादीखाली जमतं. सकाळी गादीचा कोपरा उचलून पाहिलात तर खालची प्लायची किंवा ॲल्युमिनियमची पाटी ओली चिंब, कधी त्यावर बोटाने रेघ ओढता येईल इतकी. गादीखाली जाळीदार चटई टाका म्हणजे हवा खेळते, आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटं तरी उघड्या ठेवा, थंडी वाजली तरी. कॉटन मिसळलेलं कॅनव्हास निव्वळ पॉलिएस्टरपेक्षा कमी घाम धरतं, पण जड असतं आणि वाळायला वेळ घेतं.

ओला तंबू घडी घालणं हे सॉफ्ट शेलचं सगळ्यात त्रासाचं काम. पावसात गाडीच्या दाराच्या उंबऱ्यावर उभं राहून रेनफ्लाय, म्हणजे तंबूवरचं पावसाचं बाहेरचं कापड, आत सारायचा, तोवर कापडावरचं पाणी बाहीतून कोपरापर्यंत शिरतं. मग कव्हर ओढायचं, आणि त्याची चेन शेवटच्या कोपऱ्यावर येऊन अडते, कारण आतलं भिजलेलं कापड फुगून बाहेर डोकावतं. ते बोटांनी आत ढकलत चेन इंच-इंच पुढे न्यायची. जोर लावलात तर दाते उसवतात. घरी पोचल्यावर, कितीही दमलेले असलात तरी, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तंबू उघडून पूर्ण वाळवायचाच. आठवडाभर तसाच राहिला तर काळे ठिपके येतात आणि बुरशीचा तो वास नंतर काही केल्या जात नाही. घरी गाडी उघड्यावर लावायला जागा नसेल तर वाळवणार कुठे, याचा विचार विकत घेण्याआधी करा.

हार्ड शेलला हा जाच खूपच कमी. लॅच (खटका) सोडला की गॅस स्ट्रटवर, म्हणजे डिकीचं दार उचलून धरतात तशा दांड्यांवर, झाकण आपोआप वर जातं, वाऱ्यात फडफड कमी होते आणि चालत्या गाडीला हवेचा अडथळाही कमी. पण आतली जमीन पेटीएवढीच राहते, म्हणजे बहुतेक मॉडेलमध्ये दोघांची. तिसरं माणूस आजच अडचणीत झोपणार आणि तुमची मुलगी वाढणार आहे. शिवाय वजन जास्त, किंमतही जास्त. वाऱ्याचं म्हणाल तर सॉफ्ट शेलचा रेनफ्लाय जोराच्या वाऱ्यात रात्रभर फटफटतो; गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून लावली तर बराच फरक पडतो. आणि कुशीवर वळलं की सस्पेन्शनमुळे सगळी गाडी किंचित हलते. एक-दोन रात्रींत सवय होते, ज्यांची झोप सावध असते त्यांची नाही होत.

तुमच्यासाठी मी काय करेन? ७५ किलोची मर्यादा, तिघं जण आणि पाच वर्षांची मुलगी हे पाहता आत्ता लगेच विकत घेणार नाही. तिघांचा चांगला, पटकन उभा राहणारा जमिनीवरचा तंबू आणि जाड, हवा भरायच्या गाद्या घेतल्या तर तुमच्या कंटाळ्याचं मूळ, म्हणजे लावण्या-काढण्याचा वेळ आणि खालची टोचणारी जमीन, दोन्ही बरंचसं मिटतं. छतावरचा हवाच असेल तर आधी भाड्याने घ्या आणि दोन-तीन सलग रात्री काढा. त्यातली एखादी पावसाची निघाली तर उत्तमच. तेवढ्यात शिडी, मुलीची झोप आणि सकाळची घडी, तिन्ही कळून जातं.

आणि घेतलातच, तर चढवायला किमान तीन-चार माणसं बोलवा. दोघांनी उचलताना पाठ आणि गाडीचा रंग, दोन्ही धोक्यात येतात. दोन क्रॉसबारमधलं अंतर तंबूच्या माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे ठेवा, नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा, पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर गाडी थांबवून परत तपासा, आणि पुढे प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी तपासत राहा. कंपनी कुलपाचे नट देत असेल तर तेच लावा. तंबूची गरज नसलेल्या महिन्यांत तो उतरवून कोरड्या जागी ठेवा. उन्हात कव्हर विटतं, आणि रोजच्या ऑफिसच्या फेऱ्यांना ६० किलो डोक्यावर वाहून इंधन जाळण्यात काहीच हशील नाही.