केल्मिसची हद्द जस्ताने आखली

बेल्जियमच्या पूर्व टोकाला असलेलं केल्मिस शंभर वर्षं 'तटस्थ' का राहिलं आणि खाण संपल्यावरही ते टिकलं कसं, असा प्रश्न आहे. तटस्थ झालं ते जस्तामुळे. टिकलं ते कायद्यामुळे.

नेपोलियन पडल्यावर केल्मिसजवळची आल्टेनबेर्गची जस्ताची खाण नेदरलँड्सलाही हवी होती आणि प्रशिया या जर्मन राज्यालाही. १८१६ च्या आखेन कराराने या भागाचे, म्हणजे मोरेस्नेटचे, तीन तुकडे पडले: एक डचांना, एक प्रशियाला आणि मधला ३४४ हेक्टरचा त्रिकोण दोघांत सामाईक. खाण आणि केल्मिस या 'तटस्थ' त्रिकोणात आले. त्याचं टोक फाल्सच्या टेकडीवर, पाया आखेन–लिएज रस्त्यावर. १८३० नंतर डचांची जागा बेल्जियमने घेतली.

एवढी ओढाताण का, ते भट्टीवरून कळतं. इथलं जस्ताचं खनिज म्हणजे कॅलामाइन. पूर्वी ते तांबं आणि कोळशाबरोबर तापवून थेट पितळच करत, कारण नुसतं जस्त हाती लागणं कठीण. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, पण कोळशाने ते खनिजातून सोडवायला साधारण तेवढी किंवा जास्तच उष्णता लागते. त्यामुळे ते सुटतं तेच वाफ होऊन, आणि त्या वाफेला हवा लागली की पुन्हा पांढरी भुकटी. म्हणून मातीच्या बंद नळ्या आणि तोंडाशी वाफ थिजवणारा थंड भाग. (राजस्थानात जावरला ही युक्ती काही शतकं आधीच वापरात होती.) लिएजच्या जाँ-जाक दोनीला १८०६ मध्ये खाणीचा हक्क मिळाला, १८१० मध्ये भट्टीचं पेटंट. तो कर्जात बुडाला. १८३७ मध्ये खाण चालवणारी व्हिएय-मोंतान्य कंपनी उभी राहिली. मुख्य भट्ट्या लिएजला होत्या, कारण कोळसा खनिजाहून जास्त लागे. मग खनिजच कोळशाकडे नेणं परवडायचं.

१८८५ च्या सुमारास खाण आटली. तरी १८१६ ची २५६ माणसांची वस्ती १९१४ पर्यंत साडेचार हजारांवर गेली होती. कारण कर नाममात्र, नेपोलियनचाच जुना कायदा चालू, मूळ रहिवाशांना लष्करभरती नाही. कंपनीचे डॉक्टर विल्हेल्म मोली यांनी १८८६ मध्ये स्वतंत्र टपाल तिकिटं काढून पाहिली, १९०८ मध्ये एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेच्या राज्याचा घाट घातला. दोन्ही फसलं. व्हर्सायच्या तहाने हा भाग बेल्जियमला दिला, १९२० पासून.

जुना नकाशा आजच्या नगरपालिकेवर ठेवू नका, जुळणार नाही. १९७७ मध्ये नॉय-मोरेस्नेट आणि हेर्गेनराट केल्मिसला जोडली गेली आणि ती दोन्ही पूर्वी प्रशियाची. बेल्जियमच्या जर्मनभाषक समुदायाच्या ९ नगरपालिकांपैकी केल्मिस ही एक. आता खाण नाही. नोकरीसाठी कित्येक जण रोज हद्द ओलांडून जर्मनीतल्या आखेनला जातात.