छोट्या विमानात 12,000 फुटांवर वैमानिकाला ऑक्सिजन खरंच लागतो का? ट्रेकर तर त्याहून वर चालत जातात ना?

लागतो. आणि ट्रेकरचं उदाहरण कृपा करून देऊ नका. माझा विमानातला भागीदार सहा वर्षं मला हेच उदाहरण देतोय, म्हणून एवढं लांब उत्तर लिहायला बसलोय.

आम्ही दोघं कोलोरॅडोत राहतो. एक जुनं सेसना 182, म्हणजे चार सीटचं एका इंजिनाचं छोटं विमान, निम्म्या-निम्म्या हिश्श्यात घेतलंय आणि ते डेन्व्हरजवळच्या सेंटेनियल विमानतळावर असतं. तिथली धावपट्टीच 5,885 फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही उंच. त्यामुळे इथल्या वैमानिकांना वाटतं की उंची आपल्या अंगात मुरलेली आहे. मलाही तसंच वाटायचं.

सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात डोंगरांपलीकडच्या ग्रँड जंक्शन गावाहून संध्याकाळी परत येत होतो. डावीकडे वैमानिकाच्या सीटवर मी, उजवीकडे तो. बराच वेळ 11,500 वर होतो आणि मुख्य डोंगररांग ओलांडायला 13,500 वर चढलो. अमेरिकेचा नियम असा: 12,500 ते 14,000 फुटांमध्ये तीस मिनिटांहून जास्त राहिलात तर वैमानिकाने ऑक्सिजन घ्यायचा, 14,000 च्या वर पूर्ण वेळ घ्यायचा. आम्ही वीस-पंचवीस मिनिटांत पलीकडे उतरणार होतो, त्यामुळे नियमाचं एक अक्षरही मोडलेलं नव्हतं. ऑक्सिजनची बाटली मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून ठेवली होती.

मला त्रास होत नव्हता, हे नीट वाचा. डोकं दुखत नव्हतं, धाप लागत नव्हती. उलट फार छान वाटत होतं. भागीदार त्याच्या मामाच्या गुऱ्हाळातला एक किस्सा सांगत होता आणि मी पोट धरून हसत होतो. दहा मिनिटांनी त्याने तोच किस्सा पहिल्या शब्दापासून पुन्हा सांगितला आणि मी पुन्हा तितकाच हसलो. दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

तेवढ्यात जमिनीवरून विमानांवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोलरने रेडिओवर हवेच्या दाबाचा नवा आकडा दिला, 29.82 इंच. अल्टिमीटर म्हणजे उंची दाखवणारं यंत्र, ते हवेच्या दाबावरून उंची काढतं, म्हणून त्यावर हा आकडा लावावा लागतो. मी मांडीवरच्या पॅडवर लिहिलं 30.82 आणि अल्टिमीटरवर तेच लावलं. एक इंच दाब वाढवायचा म्हणजे ते बटण किती वेळ फिरवत बसावं लागतं, हे उडवणाऱ्यांना ठाऊक आहे. मी शांतपणे फिरवत बसलो. एक इंच जास्त लावला की यंत्र साधारण हजार फूट जास्त दाखवतं, तसा काटा 14,500 वर गेला. मला वाटलं, वाऱ्याने वर उचललंय. नाक खाली केलं आणि काटा 13,500 वर आणून ठेवला. म्हणजे प्रत्यक्षात मी 12,500 वर उतरलो होतो. समोरची रॉलिन्स खिंड साधारण 11,670 फुटांवर, तिच्या दक्षिणेला जेम्स पीक 13,000 च्या वर, आणि अंधार पडत आलेला.

विमानाची उंची कंट्रोलरला आपोआप कळवणारं यंत्र, म्हणजे ट्रान्सपाँडर, माझ्या चुकीच्या आकड्याकडे बघत नाही, तो ठरलेल्या दाबावरूनच उंची पाठवतो. म्हणून कंट्रोलरच्या पडद्यावर खरी उंची दिसत होती. त्याने विचारलं, तुम्ही मुद्दाम उतरताय का, अल्टिमीटर 29.82 आहे. मला तो आकडा तीनदा ऐकावा लागला. मग कसं कोण जाणे, एवढंच सुचलं की मागे हात घालून बाटली ओढावी. नाकात नळी घातली आणि मिनिटाभरात डॅशबोर्डचे दिवे कुणीतरी वाढवल्यासारखे उजळले. डोंगराच्या कडा दिसायला लागल्या. मघापासून मी काळोखात बसलो होतो आणि मला तो काळोख संध्याकाळचा वाटत होता. कमी ऑक्सिजनचा पहिला फटका रात्रीच्या नजरेलाच बसतो. म्हणूनच इथले जाणकार दिवसा 10,000 च्या वर, पण रात्री 5,000 पासूनच ऑक्सिजन घ्या म्हणतात. नियम आणि शिफारस यांत एवढं अंतर आहे आणि मी शिफारशीच्या बाजूचा आहे.

आता ट्रेकरबद्दल. भागीदार एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाऊन आलाय. 5,364 मीटर, साडेसतरा हजार फूट. "तिथे मला काही झालं नाही, तर तेरा हजाराला काय होणार?" अरे, तू तिथे आठवडाभर चालत, मुक्काम करत गेलास. शरीराने श्वास वाढवला, रक्त बदलायला घेतलं. विमान तेवढी उंची अर्ध्या तासात देतं. शिवाय तू चालत होतास, छाती भात्यासारखी चालू होती. वैमानिक खुर्चीत बसून संथ श्वास घेतो. हवेत ऑक्सिजन सगळीकडे 21 टक्केच असतो, पण 13,500 फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 60 टक्के उरतो, त्यामुळे तो रक्तात पुरेसा शिरत नाही. आणि बेस कॅम्पला आकडा चुकला तर दोन पावलं चुकतात, डोंगरावर आदळत नाहीस.

हे काही नवं ज्ञान नाही. 1875 मध्ये झेनिथ नावाच्या बलूनमधून तीन फ्रेंच माणसं 8,000 मीटरच्या वर गेली. ऑक्सिजनच्या पिशव्या डोक्याजवळ टांगलेल्या होत्या, पण हात उचलले गेले नाहीत. दोघे मेले. वाचलेल्या तिसांदिएने लिहून ठेवलंय की दुखत तर नव्हतंच, आतून आनंद होत होता. मला त्याचं म्हणणं अक्षरशः पटतं.

भागीदाराचा दुसरा मुद्दा असा की तुझी झोप झाली नव्हती. मी सात तास झोपलो होतो. आणि तुझी झोप तर झाली होती ना? मग उजव्या सीटवरून मला 30.82 लावताना बघून तू गप्प का बसलास?

त्यानंतर मी ओक्लाहोमा सिटीला जाऊन प्रेशर चेंबरचं प्रशिक्षण घेतलं. आत 25,000 फुटांची हवा करतात, मास्क काढायला लावतात आणि हातात सोप्या गणितांचा कागद देतात. तिथे भान टिकतं तीन ते पाच मिनिटं. माझ्या कागदावर वरच्या तीन ओळी माझ्या अक्षरात आहेत, चौथीपासून कुणाच्याच नाहीत. प्रत्येकाची पहिली खूण वेगळी असते. माझी म्हणजे विनाकारण खूश होणं आणि डावी करंगळी मुंग्यांनी भरणं. ती ओळखायला शिकलो, एवढ्यासाठी ते प्रशिक्षण घ्या.

रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ठेवा. 13,500 फुटांवर माझा आकडा 83 च्या आसपास येतो. तो 90 वर उतरला की मी नळी लावतो. पण हीटरमधून इंजिनाचा धूर आत येत असेल तर हे यंत्र फसतं, कार्बन मोनॉक्साइडलाही ते ऑक्सिजनच समजतं. त्यासाठी वेगळा डिटेक्टर हवा. ऑक्सिजनच्या आसपास तेल, ग्रीस, सिगारेट नको.

मी डॉक्टर नाही. तुम्ही भारतात शिकत असाल तर बारामती-धुळ्याकडचं प्रशिक्षण बहुतेक काही हजार फुटांतच होतं, तिथे यातलं फारसं लागणार नाही, आणि तिथले नियम डीजीसीएचे, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, बघा. उंचीवर इंजिनही धापा टाकतं, टेकऑफला धावपट्टी जास्त लागते. तो उंचीच्या विषयाचा दुसरा अर्धा भाग, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

भागीदार हे उत्तर वाचणार आहे. चेंबरचा अर्ज मी भरतो, ओक्लाहोमाची दहा तासांची गाडीही मीच चालवतो. तू फक्त आत बस आणि तो गुऱ्हाळाचा किस्सा कागदावर लिहून दाखव.