आधी फिग्मा की थेट ब्राउझर?
अरे, आधी फोटोशॉप पूर्ण शिकतो मग वेबसाइट करतो, असं म्हणत बसू नकोस. रंग, लोगो, फोटो कापणं यासाठी फोटोशॉप किंवा फिग्मा (स्क्रीनचं डिझाइन काढायचं ॲप) ठीकच, पण पानाची मांडणी कोड लिहून सरळ ब्राउझरमध्ये कर. मी एकदा १४४० पिक्सेलचं झकास डिझाइन क्लायंटकडून पास करून घेतलं आणि ३६० च्या मोबाइलवर ‘महानगरपालिका’ हा एकच शब्द चौकटीबाहेर, लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) १ ठेवलेली म्हणून वेलांट्या वरच्या ओळीत घुसलेल्या, सगळं परत केलं! डिझाइनच्या चित्रातला मजकूर स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे हलत नाही ना, तिथेच फसतो आपण. क्रोममध्ये एफ१२ दाब, मग कंट्रोल-शिफ्ट-एम, म्हणजे पान मोबाइलच्या रुंदीत दिसेल, ती रुंदी ओढत ओढत बघ कुठे मोडतंय. आणि ते लोरेम इप्सम (जागा भरायला टाकतात तो निरर्थक लॅटिन मजकूर) नको बाबा, खरा मराठी मजकूर टाक, लाइन-हाइट १.६ पासून सुरू कर.