स्टॉक नोंदणीसाठी टर्मिनलमध्येच पूर्ण स्क्रीन हवी: कर्सेस, टेक्स्चुअल की सरळ वेब?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातल्या टॉवेल कारखान्यासाठी पायथनमध्ये स्टॉक नोंदणीचा प्रोग्राम लिहिलाय. तो टर्मिनलमध्ये, म्हणजे फक्त अक्षरं दाखवणाऱ्या खिडकीत, एकामागून एक प्रश्न विचारतो, आणि मालकांना पूर्वीच्या फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रामसारखी एका नजरेत दिसणारी स्क्रीन हवी आहे. त्यासाठी कर्सेस (टर्मिनलवर हवं तिथे अक्षरं काढणारी जुनी लायब्ररी) शिकावं, टेक्स्चुअलसारखी पायथनची नवी लायब्ररी घ्यावी, की वेब पेजच करावं?

मालक योग्य तेच मागतायत. निदान नोंदणीपुरतं तरी वेबच्या नादी लागू नका. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल युनिटसाठी मी असाच प्रोग्राम लिहिलाय आणि तो रोज वापरात आहे, त्यावरून सांगतो.

लायब्ररी नंतर ठरवा. आधी जी व्यक्ती नोंद करणार आहे तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसा आणि तिचे हात बघा. आमच्या गोडाऊनमधल्या ताई पॅकिंगची चिठ्ठी डाव्या हातात धरतात, उजवा हात न्यूम्पॅडवर असतो आणि नजर चिठ्ठीवर. डिझाइन नंबर, साइज, डझन, वजन, प्रत्येकानंतर एंटर. स्क्रीनकडे त्या चार-पाच नोंदींनी एकदा बघतात. म्हणून आमच्याकडे संपूर्ण नोंद एका उजव्या हाताने होते: एंटर म्हणजे पुढचा रकाना, अधिक म्हणजे नवी ओळ, वजा म्हणजे मागे. रकान्यांचा क्रम चिठ्ठीवर आहे तोच, एकही इकडचा तिकडे नाही. माउसला हात लावायची वेळच येत नाही, आणि टर्मिनलची खरी ताकद इथेच आहे. फॉक्सप्रोमध्ये से-गेटच्या (रकाना दाखवून माहिती घेणाऱ्या आदेशांच्या) ओळी लिहिल्या की एंटरने पुढच्या रकान्यात जाणं आपोआप मिळायचं. मालकांना आठवतोय तो हा वेग, निळी स्क्रीन नव्हे.

नजर चिठ्ठीवर असते म्हणून चूक सांगायची पद्धतही वेगळी लागते. खाली लाल अक्षरात संदेश दिला तर तो कुणीच वाचत नाही. बीप द्यावा, तर शेजारच्या शेडमधल्या लूमच्या खडखडाटात तो ऐकू येत नाही. आम्ही कर्सेसचा फ्लॅश वापरतो. अख्खी स्क्रीन क्षणभर उलट्या रंगात जाते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळतं. सोबत कर्सर त्याच रकान्यात अडवून ठेवायचा.

आता बटणांच्या खोड्या, कारण वेळ इथेच जातो. न्यूम्पॅडचं एंटर आणि मोठं एंटर कर्सेसला वेगवेगळे कोड देऊ शकतात. १०, १३ आणि की-एंटर हे तिन्ही एकच माना. सेव्हसाठी कंट्रोल-एस ठेवायचा मोह होईल, पण ती जोडी टर्मिनलमध्ये फार पूर्वीपासून मजकूर थांबवण्यासाठी राखीव आहे. स्क्रीन गोठते, लोक प्रोग्राम हँग झाला म्हणून मशीन बंद करतात, आणि कंट्रोल-क्यूने ती सुटते हे कुणालाच माहीत नसतं. रॉ मोड घेतला, म्हणजे सगळी बटणं थेट प्रोग्रामकडे येऊ दिली, तर ही अडचण जाते. सी-ब्रेक मोडमध्ये अशा जोड्या टर्मिनलच पकडतं, म्हणून ती तशीच राहते. एफ-१, एफ-१० आणि एफ-११ टाळा, ही बटणं बऱ्याचदा टर्मिनलची खिडकी स्वतःच घेते. एस्केपचंही असंच. बाणांची बटणं दाबली की टर्मिनल आधी एस्केपचा बाइट, म्हणजे २७, पाठवतं आणि त्यामागे आणखी अक्षरं. नुसता एस्केप आला तर पुढे काही येतंय का याची एनकर्सेस (लिनक्सवरचं कर्सेस) वाट बघतं, मुळात तब्बल १००० मिलिसेकंद. पायथन ३.९ पासून हा वेळ बदलता येतो, २५ करून टाका.

लायब्ररीबद्दल माझं मत सरळ आहे. मशीन लिनक्सवर असेल आणि दोन-तीनच स्क्रीन असतील तर कर्सेस घ्या. ते पायथनसोबतच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. विंडोज असेल किंवा तक्ते, याद्या, टॅब असं बरंच काही असेल तर टेक्स्चुअल घ्या. विंडोजच्या पायथनमध्ये कर्सेस नसतं, आणि लिनक्सवरही फॉर्मचे तयार रकाने पायथनच्या कर्सेसमध्ये मिळत नाहीत, ते स्वतः लिहावे लागतात. टेक्स्चुअलमध्ये ते तयार आहेत, शिवाय बटणं दाबल्याचं नाटक करून चाचण्या लिहिता येतात. गो भाषा येत असेल तर बबल टी आणि रस्ट येत असेल तर रॅटाटुई ही तशीच लायब्ररी आहे, पण एवढ्यासाठी भाषा बदलू नका.

काहीही घेतलंत तरी कोडची एक मांडणी सोडू नका. सगळी माहिती एका जागी ठेवा (कुठला रकाना, काय टाइप झालंय, कुठली ओळ), बटण आलं की फक्त ती माहिती बदला, आणि चित्र काढणारं फंक्शन दर वेळी त्या माहितीवरून पूर्ण स्क्रीन काढू दे. इकडे एक अक्षर पुसलं, तिकडे एक लिहिलं असं करत गेलात तर महिन्याभरात कोडला हात लावायची भीती वाटेल. पूर्ण स्क्रीन काढणं हळू पडेल अशी शंका येते, पण कर्सेस आधीच्या चित्राशी तुलना करून बदललेला भागच पाठवतं. फक्त दर वेळी क्लिअर करू नका, इरेज करा. क्लिअरने स्क्रीन लुकलुकते. मांडणी ८० बाय २४ मध्ये बसवा. १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलचं हे माप आजही जवळपास प्रत्येक खिडकीत मावतं.

पार्टीचं नाव मराठीत हवं, हा आग्रह होणारच. टर्मिनल प्रत्येक अक्षराला एक घर धरून चालतं आणि देवनागरी त्यात नीट बसत नाही. ‘सोलापूर’ची लांबी पायथन ७ सांगतं, कारण मात्रा, काना, उकार सगळे सुटे मोजले जातात. जुन्या हिशोबाने उकाराला घर नाही, पण काना आणि ओकाराला एकेक आहे, म्हणजे ६. डब्ल्यूसीविड्थ या अक्षरांची रुंदी मोजणाऱ्या पायथन लायब्ररीच्या काही आवृत्त्यांनी तीच रुंदी ४. तुमचं टर्मिनल यातला कुठला हिशोब धरेल ते त्याच्यावर. म्हणून मराठी मजकूर ओळीच्या अगदी शेवटच्या रकान्यात ठेवा, त्याच्या उजवीकडे चौकटीची रेघसुद्धा नको. आकडे आणि डिझाइन नंबर डावीकडे. नाव बदलल्यावर जुन्या अक्षरांचे तुकडे मागे राहिले तर त्या वेळेपुरतं कर्सेसचं क्लिअर-ओके लावून सगळी स्क्रीन नव्याने काढायला सांगा.

प्रोग्राम मध्येच पडला तर टर्मिनल विचित्र अवस्थेत राहतं, टाइप केलेलं दिसत नाही. कर्सेसच्या रॅपर फंक्शनमधूनच सुरुवात केलीत तर ते सगळं पूर्ववत करून बाहेर पडतं. तरीही अडकलात तर न दिसता रीसेट टाइप करून एंटर मारा. आणि डेटा ऑफिसच्या मशीनवर ठेवून गोडाऊनमधून एसएसएचने (दूरच्या मशीनचं टर्मिनल वापरायच्या सोयीने) जोडणार असाल तर प्रोग्राम ऑफिसच्या मशीनवरच टीमक्समध्ये चालवा, ते जोडणी तुटली तरी टर्मिनल चालू ठेवतं. मग गोडाऊनची लाइट गेली तरी, ऑफिसचं मशीन चालू असेपर्यंत, अर्धवट भरलेली नोंद तशीच उघडी सापडते.